ओढू नकोस, सांग

(भोर इथं झालेल्या युवक मेळाव्यातल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला इथं बोलायला बोलावलं तेव्हा विषय दिला होता 'दिव्यांग आणि आपण'. विषय फार मोठा आहे. मी डॉक्टर नाही, वकील नाही. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि सकाळी धावतो. या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की माझ्या मोठ्या बहिणीला, आपाला, फार थोडं दिसतं आणि मी तिचा भाऊ आहे. म्हणून विषय मी जरा लहान करून घेतला आहे. मी भावंडांबद्दल बोलणार आहे. आपाबद्दल जे सांगेन ते तिला आधी वाचून दाखवलं आहे. दोन गोष्टी तिनं काढायला लावल्या, त्या काढल्या आहेत.

घरात दिव्यांग मूल असलं की सगळे आई-वडिलांशी बोलतात. डॉक्टर त्यांच्याशी बोलतात, नातेवाईक त्यांना धीर देतात. शेजारी उभ्या असलेल्या भावंडाला कुणी काही विचारत नाही. फार तर पाठीवर हात ठेवून म्हणतात, "आता तुलाच बघायचंय हं सगळं." हे दहा वर्षांच्या पोराला सांगितलं जातं. ते पोरगं मान डोलावतं, कारण दुसरं काय करणार?

पण जरा हिशेब करून बघा. आई-वडील आपल्याबरोबर साधारण आपलं निम्मं आयुष्य असतात. नवरा किंवा बायको आयुष्यात येते ती पंचविशीच्या पुढे. भावंडं पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत बरोबर असतात. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात लांब पल्ल्याचं नातं हेच. लांब पल्ला धावणाऱ्याला एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात: सुरुवातीला कसं धावता, त्यावर शेवट ठरतो. म्हणून ही गोष्ट तुमच्या वयातच बोलायला हवी. अब्बा-अम्मी थकल्यावर बोलून उपयोग नाही.

आधी आपाच्या डोळ्यांबद्दल थोडं सांगतो. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होत जातो. सुरुवात बहुतेकदा रातांधळेपणानं होते. मग बाजूचं दिसणं कमी होतं आणि पुढे नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. हा आजार लोकांना फसवतो. आपा फळ्यावरचं वाचायची, पण पायाजवळची बादली तिला दिसायची नाही. सुईत दोरा ओवायची आणि दाराच्या चौकटीला धडकायची. मग लोक म्हणायचे, धांदरट आहे. काही जण म्हणायचे, काम टाळायला सोंग करते. चष्म्याचा नंबर तीनदा बदलून झाला. दर गुरुवारी दर्ग्यावर नेऊन झालं, तावीज बांधून झाला, शेजारच्या काकूंनी देवीचा अंगारा आणून दिला. सगळे मायेनंच करत होते. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा तपासला आणि आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा आपा तेरा वर्षांची होती आणि मी दहाचा.

नाव कळल्यावर कारणाची चर्चा सुरू झाली. कुणाची नजर लागली, कुणाचं पाप, ग्रहणात कोण बाहेर गेलं होतं. खरं कारण साधं होतं. अम्मी ही अब्बांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे अशी लग्नं होतात, आणि मामाची मुलगी करण्याची चाल इथल्या कितीतरी हिंदू घरांतही आहे. या आजाराचा आमच्या घरात जो प्रकार आहे, त्यात बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. दोघांकडे एकेक बिघडलेली आणि एकेक चांगली प्रत असते, म्हणून त्यांना स्वतःला काही होत नाही. पण त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातल्या दोघांकडे एकच बिघाड असण्याची शक्यता बाहेरच्यांपेक्षा जास्त, म्हणून अशा लग्नांत धोका वाढतो. मी आजारातून सुटलो. पण ते जनुक माझ्यात लपलेलं असण्याची शक्यता तीनात दोन आहे. अकरावीत जीवशास्त्राच्या पुस्तकात हा तक्ता बघितला तेव्हा माझ्या डोक्यातलं नशीब, पाप, नजर हे सगळं एका तासात गेलं. दोघा भावंडांसाठी नाणं उडवलं गेलं होतं. तिचं एका बाजूला पडलं, माझं दुसऱ्या. यात माझं कर्तृत्व काही नाही आणि तिचा दोष काही नाही.

आता धावण्याकडे येतो.

मी सातवीपासून शाळेच्या क्रॉस कंट्रीच्या संघात होतो. पहाटे उठून भोरमधून भाटघर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सराव करायचो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो रस्ता पायाखाली घातला असेल. दोन्ही बाजूंना भातखाचरं, पावसाळ्यात धुकं, आणि मागून येणारी पहिली एसटी. एके दिवशी आपा म्हणाली, मीही येणार. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. घरात अर्थातच चर्चा झाली. मुलगी, तीही पहाटे, तीही रस्त्यावर, आणि तिला दिसत नाही. शेवटी अब्बा म्हणाले, "भाऊ सोबत आहे ना, मग जाऊ दे." आपा नंतर मला म्हणाली, "त्यांनी तुला लोकांसाठी पाठवलंय. मी तुला खड्ड्यांसाठी नेतेय."

उजाडायच्या आधी तिला काहीच दिसायचं नाही. म्हणून तिनं ओढणीचं एक टोक स्वतःच्या हातात घेतलं, दुसरं माझ्या हातात दिलं. आणि पहिल्याच दिवशी, पाऊल टाकायच्या आधी, एक नियम घालून दिला. घरी आम्ही दखनी बोलतो. ती म्हणाली, "खेंच नक्को, बोल." ओढू नकोस, सांग.

नियम सोपा वाटतो. तो पाळायचा म्हणजे काय करायचं, ते ऐका. पुढे गतिरोधक असेल तर ओढणीला हिसका द्यायचा नाही. "दहा पावलांवर चढ आहे" असं म्हणायचं. वळण असेल तर "डावीकडे, हळूहळू". कुत्रं बसलं असेल तर "कुत्रं आहे, झोपलंय". समोरून ट्रॅक्टर येत असेल तर तो दिसल्यावर लगेच, अंगावर आल्यावर नाही. थांबायचं की पुढे जायचं, वेग वाढवायचा की कमी करायचा, हे तिनं ठरवायचं. मी तिचे डोळे होतो. डोकं तिचं तिला होतं. आपा विनोदानं म्हणायची, नाव ओढणी, पण ओढायची नाही.

यातून मला रस्ता बघायची सवय लागली. एकटा धावताना मी स्वतःपुरता बघायचो. आपाबरोबर धावताना जे दिसतं ते वेळेवर, नेमक्या शब्दांत सांगावं लागायचं. आज ऑफिसात दहा जणांच्या टीमला काम समजावून सांगतो तेव्हा हेच कामी येतं.

बऱ्याच वर्षांनी मला समजलं, की आमची ओढणी हे जगातल्या मोठ्या स्पर्धांमधलं रीतसर साधन आहे. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिदोष असलेल्या धावपटूंचे तीन गट असतात: टी-११, टी-१२ आणि टी-१३. टी-११ मध्ये ज्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही ते धावपटू. सगळ्यांना सारखं राहावं म्हणून त्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि सोबत गाईड असतो. टी-१२ मध्ये गाईड घ्यायचा की नाही हे धावपटू ठरवतो. दोघांच्या हातांत एक आखूड दोरी असते, ती ताणली जाणारी चालत नाही. आपल्या शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा. तसे दोघांचे आतले हात आणि आतले पाय एका तालात पडावे लागतात.

आणि नियम काय आहेत? गाईडनं धावपटूला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. शेवटची रेघ धावपटूनं आधी ओलांडायची, गाईडनं नंतर. गाईड पुढे गेला तर धावपटू बाद. हे वाचलं तेव्हा मी आपाला फोन केला आणि म्हणालो, तुझा नियम त्यांनी पुस्तकात घातलाय. ती म्हणाली, "त्यांनाही कुणीतरी ओढलं असेल, म्हणून घातला."

आपल्या शेजारच्या कर्नाटकातली, चिकमगळूर जिल्ह्यातली रक्षिता राजू ही टी-११ गटात १५०० मीटर धावते. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत २०२३ मध्ये तिनं सुवर्णपदक मिळवलं, २०२४ मध्ये ती पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये धावली. तिच्या शर्यतीचा व्हिडिओ मिळाला तर बघा. पण तिच्याबरोबर तिच्या गाईडकडेही बघा. त्याचा वेग तिच्याहून जास्त असावा लागतो, आणि त्यानं तो पूर्ण वापरायचा नसतो.

पॅरिसमध्येच आणखी एक गोष्ट घडली. स्पेनची एलेना काँगोस्त टी-१२ गटाच्या मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. बेचाळीस किलोमीटर झाले होते, शेवटचे काही मीटर राहिले होते, आणि तिच्या गाईडच्या पायात गोळे आले. तो पडणार असं वाटून तिनं क्षणभर दोरी सोडली आणि त्याला सावरलं. दोरी सुटली म्हणून तिला बाद ठरवलं. चौथ्या क्रमांकावरच्या जपानच्या मिसातो मिचिशिताला कांस्यपदक मिळालं. नियम बरोबर की चूक, यावर जगभर वाद झाला. मला त्यातलं वेगळंच काही दिसलं. आपण सगळे धरून चालतो की सावरणारा हा डोळस आणि पडणारी ती आंधळी. इथं उलटं झालं. ज्याचं आमच्या घरात आम्हाला कधीच आश्चर्य वाटलं नसतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणितानं मला घाम फोडला, तेव्हा आपा रोज रात्री फोनवर म्हणायची, "आज काय शिकलास ते मला समजाव." तिला गणित येत नव्हतं. ती कान देऊन ऐकायची आणि जिथं तिला कळायचं नाही तिथं थांबवायची. "मला कळलं नाही म्हणजे तुला पाठ झालंय, समजलेलं नाही." मी ते वर्ष पहिल्या फटक्यात पास झालो.

आता या नियमाची घरात खरी परीक्षा कधी झाली, ते सांगतो.

आठ वर्षांपूर्वी अब्बा गेले. इथं भोरमध्ये आमचं छोटं घर आहे. शरियतच्या वाटणीप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात माझे दोन वाटे, आपाचा एक. चाळीसावा झाल्यावर नात्यातले एक वडीलधारे कागद घेऊन आले. हक्कसोडपत्र. ते म्हणाले, "तिला बिचारीला काय करायचंय घर? भाऊ आहेच की जन्मभर सांभाळायला. सही झाली की तुमचं मिळकत पत्रिकेचं काम सोपं होईल." खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीनं ते माझं कौतुकच होतं.

आपा मला म्हणाली, "पढ के सुना. पूरा." मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, की यापुढे या मिळकतीत तिचा किंवा तिच्या वारसांचा काहीही हक्क राहणार नाही. ती शांतपणे म्हणाली, "ही शेवटची ओळ तुम्ही आधी का नाही सांगितली, मामूजान?" आणि सही केली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांभाळणारा चांगला आहे, म्हणून माझं घर माझं नको?"

आज मिळकत पत्रिकेवर तिघांची नावं आहेत. लक्षात घ्या, त्या खोलीत कुणीही वाईट माणूस नव्हता. सगळे तिला मदतच करायला निघाले होते. पण ते ओढत होते. सांगत कुणीच नव्हतं. ओढणं बहुतेकदा प्रेमाचे कपडे घालून येतं, म्हणून ते ओळखायला अवघड जातं.

हे फक्त गरिबांच्या किंवा आपल्या समाजाच्या घरांत होतं असं समजू नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी हिची बौद्धिक वाढ कमी होती. १९४१ साली, ती तेवीस वर्षांची असताना, वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून घेतली. त्या काळी ती आधुनिक उपचार म्हणून गाजत होती. ती फसली. रोझमेरीचं बोलणं-चालणं जवळजवळ गेलं आणि उरलेलं सगळं आयुष्य तिनं संस्थेत काढलं. घराण्यानं कित्येक वर्षं ही गोष्ट झाकून ठेवली. पैसा होता, डॉक्टर होते, हेतू चांगला होता. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

रोझमेरीची धाकटी बहीण युनिस. दोघी लहानपणी बरोबर पोहायच्या, बरोबर खेळायच्या. १९६२ साली युनिसनं एका मोठ्या मासिकात लेख लिहून आपल्या बहिणीबद्दल जगाला सांगितलं. त्याच वर्षी तिनं आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी खेळांचं शिबिर भरवलं. जुलै १९६८ मध्ये शिकागोत पहिल्या स्पेशल ऑलिम्पिक्स स्पर्धा झाल्या, त्या याच कामातून. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांची ही चळवळ आज भारतातही आहे. तिचं मूळ एका बहिणीच्या दुसऱ्या बहिणीबरोबरच्या खेळण्यात आहे.

लपवणं हेही एक ओढणंच आहे. माणसाला आतल्या खोलीत ओढणं. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पाहुणे बघायला आल्यावर दिव्यांग भाऊ किंवा बहीण आत बसते? माझ्या लग्नाच्या वेळीही काही जणांनी सुचवलं होतं, की पहिल्या भेटीत आपाचा विषय नको. पहिल्या भेटीत चहाचा ट्रे आपानं धरला नाही, पण समोरच्या खुर्चीवर बसून मुलीला तिच्या नोकरीबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न तिनंच विचारले. तीच मुलगी आज माझी बायको आहे. आजाराच्या जनुकाबद्दलही आम्ही लग्नाआधी बोललो. ती नात्यातली नाही. तरीही बोललो, कारण हे तिला सांगण्याची गोष्ट होती.

आता मी वेल्ह्याकडे येतो. कागदोपत्री आता तो राजगड तालुका झालाय, बोलताना आपण वेल्हेच म्हणतो. आम्ही काही धावणारे मित्र रविवारी नसरापूरवरून तिकडे जातो. राजगड-तोरण्याच्या डोंगरवाटा म्हणजे धावणाऱ्यांची तालीमच आहे. गेली दोन वर्षं पळून झालं की खालच्या वाड्यांमध्ये दिव्यांगांच्या ओळखपत्राचे अर्ज मोबाईलवर भरून देतो. अशीच एका वाडीत एक मुलगी भेटली. तेरा वर्षांची. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिली आलेली. मी विचारलं, सराव कुठं करतेस? ती म्हणाली, "सराव नाही करत. मधल्या सुट्टीत घरी पळत जाते, दादाला पाणी पाजते, कूस बदलून देते, आणि घंटा व्हायच्या आत परत येते."

तिचा दादा पंधरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही. बोलतो, पण ते फक्त तिला कळतं. आई-वडील मजुरीला जातात. शाळेतल्या सरांनी सुचवलं होतं, की हिनं निवासी क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला बसावं. तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. का? "मी गेले तर दादाचं कोण बघणार?"

मित्रांनो, हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलीनं विचारायचा नसतो. दोरीची टोकं दोन असतात. आपण दिव्यांग भावंडाला ओढू नये, हे मी इतका वेळ सांगतोय. पण दुसऱ्या टोकाला जे मूल आहे त्यालाही कुणी ओढू नये. आपण त्या मुलीची गोष्ट ऐकून "वा, काय त्याग" म्हणतो, तिचा सत्कार करतो, नारळ-शाल देतो. त्या शालीखाली तिचं बालपण झाकलं जातं. आई-वडिलांची जागा भावंडानं घ्यायची नसते. भावंडाला भावंड राहू दिलं पाहिजे.

आमच्यातल्या एकीनं विचारलं, "दादाला विचारलंस का, त्याला काय हवंय?" घरातलं कुणीच काही बोललं नाही. मग बहिणीनं त्याला विचारलं. तो बराच वेळ काहीतरी म्हणाला. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "दादा म्हणतोय, मलापण शाळेत जायचंय."

सगळे जण त्याला सांभाळणार कोण हे ठरवत होते, आणि त्याला शाळेत जायचं होतं.

हा त्याचा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात अशा मुलांसाठी विशेष शिक्षक असतात, आणि जो शाळेपर्यंत येऊच शकत नाही त्याला घरी शिकवण्याचीही सोय आहे. त्याचा अर्ज गेला आहे. मुलीची चाचणी व्हायची आहे. ती निवडली जाईल का, निवडली गेली तर जाईल का, हे मला माहीत नाही. पण आता तो निर्णय दोघं मिळून घेतायत, आणि घरातही तो विषय निघतोय.

कुणी म्हणेल, तुझी आपा बोलते, हा मुलगाही बहिणीमार्फत बोलतो; पण ज्याला सांगितलेलं समजतच नाही त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात कॉनर आणि केडन लाँग नावाचे दोन भाऊ आहेत. धाकट्या केडनला सेरेब्रल पाल्सी. भावाबरोबर खेळता येईल असं काहीतरी हवं म्हणून शाळकरी कॉनर २०११ पासून त्याला घेऊन ट्रायथलॉनमध्ये उतरायला लागला. पोहताना केडनची छोटी होडी ओढायची, सायकलमागे गाडी लावायची, पळताना ढकलायची. २०१२ साली एका क्रीडा मासिकानं दोघांना वर्षातले सर्वोत्तम बालखेळाडू म्हणून निवडलं. तिथं शब्दशः ओढणं आहे. शरीराला कधी कधी ओढावंच लागतं, उचलावं लागतं, भरवावं लागतं. पण ज्याला शब्द नाहीत त्यालाही आवडनिवड असते. त्याचा चेहरा, त्याचं हसणं, त्याचं अंग आक्रसणं हे सगळं सांगणंच असतं. ते सगळ्यात आधी भावंडाला वाचता येतं. कायदाही तेच म्हणतो. या कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे. तिचा अर्थ, पालकानं त्या व्यक्तीच्या जागी नव्हे, तिच्या सोबत निर्णय घ्यायचा.

आता शेवटी, उद्यापासून काय करता येईल ते थोडक्यात सांगतो. टिपून घ्या.

पहिलं, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. थॅलेसेमिया, सिकल सेल, स्वमग्नता, पार्किन्सन्स हे सगळे त्यात येतात. त्यामुळे पूर्वी नाही मिळालं म्हणून गप्प बसू नका. यूडीआयडी कार्डाचा अर्ज मोबाईलवरून करता येतो. तपासणीसाठी पुण्याला जावं लागलं तर सोबत तुम्ही जा. आई-वडिलांची एक दिवसाची मजुरी वाचेल.

दुसरं, पैसे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मासिक अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झालं. ग्रामपंचायतीनं आणि नगरपालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा, गेल्या वर्षी किती खर्च केले आणि कशावर.

तिसरं, बँक. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर यातलं काहीही नाकारता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच सगळ्या बँकांना कळवलं आहे. खातं त्यांच्या नावावर असू द्या, आणि पासवर्ड त्यांच्याकडेच. माझी आपा स्वतः आज एका बँकेत काम करते. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी.

चौथं, पालकत्व. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडीलही कायद्यानं आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. आई-वडील हयात असतानाच ते काम करून घ्या.

पाचवं, तुमच्यातल्या माझ्या धंद्यातल्या मुला-मुलींसाठी. आपा संगणक वापरते तो एनव्हीडीए नावाच्या मोफत प्रणालीनं. पडद्यावरचं सगळं ती मोठ्यानं वाचते. दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ती बनवली, काम सुरू झालं २००६ मध्ये. आपण ॲप बनवताना एखाद्या चित्राच्या बटणाला नाव दिलं नाही, तर ही प्रणाली नुसतं "बटण" म्हणते. पैसे पाठवायचं बटण की रद्द करायचं, ऐकणाऱ्याला कळत नाही. नाव द्यायला अर्धं मिनिट लागतं. तेही सांगणंच आहे.

आणि सगळ्यात शेवटचं. आज घरी गेल्यावर, तुमच्या घरात असं भावंड असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "तुला काय हवंय?" उत्तर लगेच येणार नाही. आजवर कुणी विचारलेलंच नसतं, त्यामुळे सवय नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि तुम्हाला स्वतःला काय हवंय, तेही त्याला सांगा. पुण्याला शिकायला जायचं असेल, शर्यतीत उतरायचं असेल, लग्न करायचं असेल, ते त्याच्यापासून लपवू नका. बरेचदा सगळ्यात आधी "जा" म्हणणारं माणूस तेच निघतं.

 अर्ज भरायला मदत हवी असेल त्यांनी मागच्या टेबलापाशी थांबा, आम्ही दोघं-तिघं तिथं आहोत.